भरतीची वेळ, तिथी आणि पाऊण: गणिती सॉफ्टवेअरमध्ये ग्रीक व देवनागरी चलनामे कशी वापरावीत

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक ठोकळ हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे; त्यामुळे हा हिशेब काटेकोर नसला, तरी पाण्यातल्या किल्ल्यावर जाणाऱ्याची परतीची होडी चुकू नये इतपत तो पुरतो. हाच हिशेब पायथन किंवा ज्युलिया या संगणकाच्या भाषांमध्ये लिहायचा झाला, तर पुढची ओळ जशी आहे तशी चालते:

भरतीची_वेळ = तिथी * पाऊण

यासाठी कोणतेही वेगळे पॅकेज बसवावे लागत नाही. तिथी आणि पाऊण या दोन चलांना आधी किमती दिलेल्या असल्या, की संगणक गुणाकार करून मोकळा होतो. किनाऱ्यालगतच्या गावात पदवीच्या मुलांना गणित शिकवताना मी ही ओळ पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो, कारण चल म्हणजे एक्स किंवा वाय असलेच पाहिजे ही समजूत तिने लगेच सुटते. मात्र दुसऱ्याच तासाला त्याच ओळीने एखाद्याला रडवलेले असते. ओळ तीच दिसते, अक्षरे तीच दिसतात, आणि संगणक म्हणतो की हे नाव मला ठाऊक नाही. डोळ्यांना जे दिसते ते नाव नव्हे, तर कीबोर्डावरून ज्या क्रमाने जी चिन्हे आत गेली ते नाव, एवढी एकच गोष्ट पक्की समजली तर पुढचे सर्व घोटाळे टळतात किंवा निदान सापडतात. हा लेख त्या एका गोष्टीचा विस्तार आहे.

कोठे काय चालते

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र खंड मिळाला. जगातील प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि चिन्हाला एक क्रमांक, ज्याला कोड पॉइंट म्हणतात, आणि प्रत्येक कोड पॉइंटला एक वर्ग: हे अक्षर आहे, ही मात्रा आहे, हा अंक आहे, हे गणिती चिन्ह आहे. एखादे चिन्ह चलाच्या नावात घ्यायचे की नाही, हे बहुतेक सॉफ्टवेअर या वर्गावरून ठरवते.

पायथनमध्ये ही मुभा २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे. नावाची सुरुवात अक्षराने किंवा अंडरस्कोरने व्हावी लागते, त्यानंतर मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि अंक यांना प्रवेश आहे. म्हणून भरती, उधाण, भांग, खाडीची_खोली ही सर्व नावे वैध ठरतात, तशीच अल्फा, ओमेगा, फाय ही ग्रीक अक्षरेही. पण गणिती चिन्हे पायथनला नावात चालत नाहीत. बेरजेचे मोठे सिग्मा चिन्ह, आंशिक विकलनाचे चिन्ह, उलट्या त्रिकोणाचे नाब्ला, रुपयाचे चिन्ह, तसेच खाली किंवा वर चिकटवलेले छोटे अंक, या सर्वांना तो नकार देतो.

ज्युलिया याबाबतीत बरीच सढळ आहे. २०१२ साली जाहीर झालेली ही भाषा गणिताच्या लोकांनी गणितासाठीच घडवली असल्यामुळे कागदावरचे सूत्र जवळजवळ तसेच उतरावे अशी तिची धडपड दिसते. नाब्ला, आंशिक विकलनाचे चिन्ह, अक्षरावरची टोपी किंवा आडवी रेघ, पुढचा प्राइम, खालचे छोटे अंक हे सर्व तिच्यात नावाचा भाग होऊ शकतात. आपले रुपयाचे चिन्ह २०१० साली ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले. ज्युलिया ते चलाचे नाव म्हणून स्वीकारते, त्यामुळे मासळीच्या लिलावाचा हिशेब मांडताना किमतीच्या चलाला थेट रुपयाचे चिन्ह देता येते. मी ते कधी करत नाही, पण येते.

मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमध्ये ग्रीक अक्षरे १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून सहज बसवता येतात. तेथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे अंडरस्कोरला तेथे स्वतंत्र अर्थ आहे. तो नमुना दाखवतो, म्हणून पायथनच्या सवयीने दोन शब्द अंडरस्कोरने जोडले तर ते नाव राहत नाही. दुसरी गोष्ट खालच्या अंकाची. तेथे अक्षराखाली छोटा दोन लिहिला तर दिसायला ते एक चिन्ह असते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती मूळ अक्षर आणि दोन यांची मिळून झालेली राशी असते. मूळ अक्षराला नंतर कोठे किंमत दिली, तर खालच्या अंकासह लिहिलेले चिन्हही आतून बदलते.

हा खालच्या अंकाचा प्रश्न भरतीच्या गणितात पदोपदी येतो. चंद्रामुळे १२.४२ तासांनी येणाऱ्या मुख्य घटकाला एम-दोन म्हणतात आणि सूर्यामुळे नेमक्या १२ तासांनी येणाऱ्या घटकाला एस-दोन. रोज एकदाच येणारे दोन मोठे घटक म्हणजे के-एक आणि ओ-एक. पाण्याची उंची म्हणजे मध्यपातळी आणि या घटकांच्या कोसाइन लाटांची बेरीज. एम-दोनची गती ताशी २८.९८४ अंश, एस-दोनची ३० अंश. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांची शिखरे एकत्र येतात तेव्हा उधाण, आणि अष्टमीच्या आसपास ती एकमेकांना खातात तेव्हा भांग. पुस्तकात या घटकांची नावे खालच्या छोट्या अंकाने छापलेली असतात. ज्युलियात तीच नावे तशीच चालतात, पायथनमध्ये अंक साध्या आकारात ओळीत लिहावा लागतो, आणि मॅथेमॅटिकामध्येही तोच मार्ग सुरक्षित. एकच सूत्र तीन ठिकाणी नेणार असाल तर आरंभापासून साधा अंक वापरावा.

आकडेमोडीसाठी वापरली जाणारी मॅटलॅब आणि तिच्या वळणाने जाणारी ऑक्टेव्ह यांच्यात हा विषय एका वाक्यात संपतो: रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोर यांपलीकडे नावात काही चालत नाही. सेज ही गणिती प्रणाली २०२० च्या आरंभी आलेल्या नवव्या आवृत्तीपासून पायथनच्या तिसऱ्या पिढीवर उभी आहे, त्यामुळे तिला पायथनचेच नियम लागू. भूमितीसाठी वापरले जाणारे जिओजेब्रा तर कोनांना आपणहून अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरे देते.

सिमपाय हे पायथनमधले बीजगणिताचे ग्रंथालय वापरणाऱ्यांसाठी एक मजेदार अडचण सांगतो. लॅम्डा हा शब्द रोमन लिपीत लिहिला तर तो पायथनचा राखीव शब्द आहे, म्हणून चलाला ते नाव देता येत नाही. त्यामुळे कित्येक जण मुद्दाम एक अक्षर गाळून चुकीचे स्पेलिंग लिहितात. ग्रीक अक्षर लॅम्डा मात्र राखीव नाही. ते सरळ वापरावे, स्पेलिंगची शिक्षा भोगायचे कारण नाही.

अक्षरे उमटवायची कशी

ज्युलियाच्या खिडकीत बॅकस्लॅश दाबून ग्रीक अक्षराचे इंग्रजी नाव लिहावे आणि टॅब दाबावा, अक्षर उमटते. खालच्या अंकासाठी बॅकस्लॅश, अंडरस्कोर, अंक आणि टॅब. ज्युपिटर नोटबुकमध्ये पायथन चालवतानाही ग्रीक अक्षरांसाठी बॅकस्लॅश आणि टॅबची हीच युक्ती लागू पडते. एखादे चिन्ह दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये दिसले आणि ते कसे टंकायचे हे कळत नसेल, तर ज्युलियात प्रश्नचिन्ह दाबून मदतीच्या स्थितीत जावे आणि ते चिन्ह तेथे चिकटवावे. टंकण्याची रीत पहिल्याच ओळीत सांगितली जाते. मॅथेमॅटिकामध्ये एस्केप, मग इंग्रजी ए, पुन्हा एस्केप असे केले की अल्फा मिळतो.

देवनागरीसाठी मी इनस्क्रिप्ट कळफलकाचाच आग्रह धरतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस बोटे अडखळतात हे खरे, पण तेथे एक कळ म्हणजे एक चिन्ह असा सरळ व्यवहार आहे आणि या विषयात तोच महत्त्वाचा. उच्चारावरून अंदाज बांधणारी साधने लिहिणाऱ्याच्या नकळत मध्येच काय घालतील याचा भरवसा नसतो.

देवनागरीचे घोटाळे

आता खरा मजकूर. वाऱ्याचा वेग हे चल घ्या. भरतीच्या पाण्यावर वाऱ्याचा परिणाम होतो, म्हणून हे नाव आमच्या प्रोग्राममध्ये असतेच. यातील रफाराऐवजी येणारा अर्धा र, ज्याला चंद्रकोरीसारख्या आकारावरून आपण ओळखतो, तो दोन रीतींनी टंकला जातो. एक रीत म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याचा कोड पॉइंट यू+०९३१, त्यानंतर हलन्त आणि मग य. इनस्क्रिप्टमध्ये र च्याच कळेवर शिफ्ट दाबून हे ऱ मिळते. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त, मग यू+२००डी हा न दिसणारा जोडक आणि नंतर य. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. पण अदृश्य जोडक हा अक्षर, मात्रा वा अंक यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही, त्यामुळे पायथन तेथेच थांबतो आणि छापता न येणारे अवैध चिन्ह आल्याची तक्रार करतो. ज्या विद्यार्थ्याने ते चिन्ह कधी पाहिलेच नाही, त्याला ही तक्रार भुताटकीसारखी वाटते. ऱ्हासाचा दर, दुसऱ्या घटकाची कला (फेज), खाऱ्या पाण्याची घनता, सगळीकडे हाच प्रश्न येतो. उपाय एकच: ऱ हे अक्षर वापरावे आणि जोडकाला हात लावू नये.

याचेच भावंड म्हणजे यू+२००सी हा अदृश्य तोडक. हलन्त उघडा दिसावा म्हणून तो घातला जातो. षट्कोन हा शब्द घ्या. ट चा पाय मोडलेला स्पष्ट दिसावा म्हणून पुष्कळ जण टंकताना ट् आणि क यांच्यामध्ये हा तोडक घालतात, आणि छापील मजकुरात तसे करणे गैर नाही. चलाच्या नावात मात्र तो नको. षट्कोनाचे क्षेत्रफळ काढणाऱ्या फंक्शनच्या नावात तो शिरला, तर फंक्शन चालायच्या आधीच पडते.

हे दोन्ही घोटाळे निदान आरडाओरडा करून येतात. तिसरा गुपचूप येतो. ओहोटी हा शब्द ओ या एका स्वराने सुरू होतो. पण जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात कधी कधी आ हे अक्षर आणि त्यावर एका मात्रेचे चिन्ह, अशा दोन तुकड्यांनी ओ बनवलेला असतो. कित्येक ठिकाणी दिसायला फरक शून्य. पायथनच्या आणि ज्युलियाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी, आणि दोन्ही पूर्णपणे वैध नावे आहेत. पुढे जिचा उल्लेख येईल ती नावांचे समरूपीकरण करणारी प्रक्रियाही हा फरक मिटवत नाही, कारण युनिकोडने या दोन रूपांना समान मानलेलेच नाही. माझी एक संपूर्ण संध्याकाळ यात गेली आहे. वर्षभराच्या नोंदींची जुनी फाइल मी रूपांतरित करून घेतली, तिच्यातून एका चलाचे नाव कॉपी केले, बाकीचा प्रोग्राम हाताने टंकला, आणि ओहोटीची उंची प्रत्येक फेरीत आरंभीच्याच किमतीवर अडकून बसली. चूक दाखवणारा संदेश नाही, लाल ओळ नाही. एका ओहोटीत किंमत भरली जात होती आणि उत्तर दुसऱ्या ओहोटीतून वाचले जात होते. अखेरीस दोन्ही शब्दांची लांबी मोजली तेव्हा एकाची पाच आली आणि एकाची सहा.

ॲ चे असेच आहे. या स्वराला यू+०९७२ हे स्वतंत्र स्थान २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाले. त्याआधीच्या मजकुरात तो अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी, आणि कित्येकदा मध्ये अदृश्य जोडक घालून लिहिलेला सापडतो. म्हणजे एका स्वराची तीन रूपे, त्यांपैकी दोन वैध आणि परस्परांपासून भिन्न, तिसरे अवैध. चलाच्या नावात हा स्वर टाळलेलाच बरा. ॲम्प्लिट्यूडपेक्षा आयाम हा शब्द तसाही लहान आणि सुंदर आहे.

अंकांबाबत नियम थोडा विचित्र वाटेल. देवनागरी अंक नावाच्या आत चालतात, पण संख्या म्हणून लिहिता येत नाहीत. उंची१ आणि उंची२ ही नावे पायथन आणि ज्युलिया दोघांनाही मान्य. पण पाऊण या चलाला किंमत देताना ०.७५ हे देवनागरी अंकांत लिहिले, तर दोन्हीकडे वाक्यरचनेची चूक येते, तेथे इंग्रजी अंकच हवेत. मात्र पायथनला देवनागरी अंक मजकूर म्हणून दिले आणि इंट किंवा फ्लोट या फंक्शनमधून काढले, तर तो त्यांची संख्या बिनतक्रार करून देतो, म्हणजे पंचांगातून उतरवलेली तिथींची यादी पुन्हा टंकायची गरज नाही. राहता राहिला शून्य. आरंभीच्या उंचीला गणितात एच-शून्य म्हणतात, म्हणून विद्यार्थी हौसेने उंची० असे नाव देतात, आणि देवनागरी शून्य व इंग्रजी शून्य कित्येक फॉन्टमध्ये सारखेच दिसतात. ही दोन नावेही वेगळी ठरतात. तेथे आरंभीची_उंची असे लिहावे. चार अक्षरे जास्त गेली तर बिघडत नाही.

विसर्गाविषयी एक शेवटचे, कारण ही चूक टंकलेखनाच्या शाळेपासून चालत आली आहे. विसर्गाऐवजी कोलन मारण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. निःशेष भाग जातो का हे तपासणाऱ्या चलाला कोणी निःशेष हे नाव दिले आणि विसर्गाच्या जागी कोलन टंकला, तर पायथनला ते एक नाव दिसत नाही. नि नावाचा एक चल असून त्याला शेष या प्रकाराची टीप जोडली आहे असे तो समजतो. ज्युलिया त्याचा आणखी वेगळा अर्थ लावते: नि पासून शेष पर्यंतचा पल्ला. अर्थाचा असा अनर्थ पाहून वर्गात हशा पिकतो, पण परीक्षेच्या वेळी हसू येत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचे मी मुद्दाम बोललो नाही. खोली आणि खोलि ही संगणकाला दोन नावे वाटतात आणि येथे संगणकाचे बरोबर आहे.

ग्रीक अक्षरांचे तोतये

ग्रीक अक्षरांत मात्रा नाहीत, त्यामुळे वरचे घोटाळे नाहीत. तेथे तोतये आहेत. कोनीय गतीसाठी ओमेगा आणि कलेसाठी फाय ही भरतीच्या सूत्रातली नेहमीची जोडी. फाय या अक्षराला युनिकोडमध्ये दोन रूपे आहेत: एक ग्रीक भाषेतले नेहमीचे, यू+०३सी६, आणि दुसरे गणितात वापरायचे सरळ दांडीचे, यू+०३डी५. ज्युलियात बॅकस्लॅश आणि फाय लिहून टॅब दाबला तर दुसरे मिळते. ग्रीक कळफलकावरून टंकले तर पहिले. एप्सिलॉनचेही नेमके असेच दोन अवतार आहेत. ज्युलिया यांना वेगळी नावे मानते.

पायथन येथे उलट वागतो आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. नाव वाचताना तो ते आधी एका प्रमाण रूपात आणतो, ज्याला एनएफकेसी म्हणतात. या रूपात दोन्ही फाय एकच होतात, दोन्ही एप्सिलॉन एकच होतात, सूक्ष्मतेचे म्यू चिन्ह ग्रीक म्यू होते, आणि प्लांकच्या स्थिरांकाचे तिरपे एच साधे एच होते. याचा फायदा स्पष्ट आहे. तोटा असा की युनिकोडमध्ये गणितासाठी ठेवलेली ठळक आणि तिरपी रोमन अक्षरेही साध्या अक्षरांत मिसळून जातात. सदिशासाठी ठळक एक्स आणि अदिशासाठी साधा एक्स अशी पुस्तकातली पद्धत कोणी पायथनमध्ये आणली, तर दोन्ही एकाच चलात जाऊन पडतात आणि नंतर लिहिलेले आधीचे पुसते. ज्युलिया एनएफसी हे सौम्य रूप वापरते, त्यात ठळक आणि साधे अलग राहतात. सूक्ष्मतेचे म्यू आणि ग्रीक म्यू यांना मात्र तीही मुद्दाम एकच धरते. आपल्या ऱ ला दोन्ही रूपांत अभय आहे: कोणी र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन तुकडे टंकले, तरी त्यांचे यू+०९३१ होऊन जाते.

मोठे सिग्मा आणि बेरजेचे चिन्ह, मोठा डेल्टा आणि वृद्धीचा त्रिकोण, ग्रीक न्यू आणि इंग्रजी व्ही, ग्रीक ओमिक्रॉन आणि इंग्रजी ओ, या जोड्याही मनात धराव्यात. बेरजेचे चिन्ह आणि त्रिकोण यांना पायथन नाकारतो म्हणून तेथे चूक लगेच उघडी पडते. ज्युलियात दोन्ही वैध नावे असल्यामुळे एकाच फाइलमध्ये डेल्टा दोन प्रकारे टंकला गेला तर ओहोटीसारखीच गत होते. न्यू आणि व्ही हे एकाच सूत्रात कधीही घेऊ नयेत. प्रवाही यांत्रिकीत श्यानतेसाठी, म्हणजे द्रवाच्या दाटपणासाठी, न्यू आणि वेगासाठी व्ही अशी प्रथा असली तरी मी वेगाला वेग असेच म्हणतो. पाय या अक्षराला ज्युलियात स्थिरांकाची किंमत आधीच दिलेली असते, तेव्हा ते आपल्या चलासाठी घेऊ नये हे सांगायला नको.

तपासायचे कसे

शंका आली की नाव अवतरणचिन्हांत घालून पायथनच्या आस्की या फंक्शनला द्यावे. प्रत्येक अक्षर क्रमांकाच्या रूपात समोर येते आणि अदृश्य जोडक असेल तर तो २००डी म्हणून उघडा पडतो. एखादे नाव वैध आहे का हे विचारायला त्याच मजकुरावर इजआयडेंटिफायर ही पद्धत चालवावी. युनिकोडडेटा हे मॉड्यूल प्रत्येक चिन्हाचे अधिकृत नाव आणि वर्ग सांगते. व्हीएस कोड हा संपादक २०२१ च्या अखेरीपासून अदृश्य आणि तोतया चिन्हांभोवती चौकट काढतो. तो ग्रीक अल्फालाही संशयित ठरवतो, म्हणून आपल्या नेहमीच्या ग्रीक अक्षरांना सेटिंगमध्ये परवानगी देऊन ठेवावी. दोन तुकड्यांच्या ओ वर त्याचा भरवसा धरू नये. तेथे लांबी मोजणे हाच मार्ग.

आणखी एक बारकावा, जो विदा (डेटा) हाताळणाऱ्यांना हमखास नडतो. पायथन नावांना प्रमाण रूप देतो, पण अवतरणचिन्हांतल्या मजकुराला देत नाही. पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या पायथनच्या ग्रंथालयात तक्त्याचा स्तंभ बिंदू देऊन नावासारखाही वाचता येतो आणि चौकटी कंसात मजकुरासारखाही. फाइलमधल्या शीर्षकात ऱ ऐवजी र आणि नुक्ता असे दोन तुकडे असतील, तर बिंदू देऊन लिहिलेले नाव प्रमाण रूपात जाते, स्तंभाचे शीर्षक मात्र मूळ रूपातच राहते, आणि समोर दिसणारा स्तंभ सापडत नाही. म्हणून फाइल वाचल्यावर पहिले काम म्हणजे सर्व शीर्षके युनिकोडडेटामधल्या नॉर्मलाइझ फंक्शनमधून एनएफसी रूपात काढून घेणे. दोन तुकड्यांचा ओ आणि अदृश्य चिन्हे यांची बदली याच वेळी हाताने लिहिलेल्या दोन-तीन ओळींनी करून टाकावी.

आलेखाबाबत सावधगिरी बाळगावी. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या ग्रंथालयात अक्षांवर देवनागरी शीर्षके दिली, तर फॉन्ट बरोबर निवडूनही जोडाक्षरे सुटी पडणे आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाणे हा जुना अनुभव आहे, कारण अक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा त्यात बराच काळ नव्हती. चलाचे नाव तिथी असले म्हणून आलेखावर तिथी नीट उमटेलच असे नाही. छापण्याआधी एकदा पाहावे.

नाव कोठपर्यंत न्यावे

माझी स्वतःची पद्धत अशी आहे की सूत्राच्या आत ग्रीक आणि देवनागरी, आणि दारावर रोमन. ज्या फंक्शनला दुसरे लोक हाक मारणार आहेत त्याचे नाव आणि त्याला बाहेरून दिले जाणारे घटक मी रोमन अक्षरांत ठेवतो. मालवणच्या मुलाला तिथी टंकता येते. त्याच प्रोग्रामवर पुढे काम करणाऱ्या परप्रांतीय सहकाऱ्याला येत नाही, आणि त्याने ते नाव दरवेळी कॉपी करून चिकटवावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. आतमध्ये मात्र ओमेगाला ओमेगाच असू द्यावे. वहीतले सूत्र आणि पडद्यावरचे सूत्र शेजारी ठेवून बोटाने पडताळता आले, तर चिन्हाची किंवा कंसाची चूक सापडायला फार सोपे जाते, आणि हा लाभ वरच्या सगळ्या उपद्व्यापाची भरपाई करतो. एका फाइलमध्ये एका राशीला एकच लिपी असावी; उंची आणि तिचेच रोमन रूप असे दोन चल एकत्र नांदवू नयेत.

शिकवण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामला हा नियम लागू नाही. तेथे आतबाहेर सगळे मराठीत असले तरी चालते, किंबहुना असावे. उधाण आणि भांग या शब्दांचा अर्थ मुलांना घरातूनच ठाऊक असतो. उधाणाला उधाण म्हटले की दोन लाटांच्या बेरजेचे गणित त्यांना नव्याने समजावून सांगावे लागत नाही, फक्त लिहून दाखवावे लागते.

फाइलींची नावे रोमनच ठेवावीत. आणि नकाशाच्या सॉफ्टवेअरकडे विदा जाणार असेल तर स्तंभांची नावेही. युनिकोडची चिन्हे साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, ग्रीक अक्षर दोन आणि रोमन एक. शेपफाइल या नकाशाच्या जुन्या आणि अजूनही सर्वत्र चालणाऱ्या प्रकारात स्तंभाच्या नावाला दहाच बाइटांची जागा असते. भरती या शब्दात चार चिन्हे आहेत, म्हणजे बारा बाइट. त्यात बसतात ती पहिली तीन, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याच्या नकाशावर भरतीच्या जागी भरत येऊन बसतो.